जवळ्यावर पोसलेले राजहंस

राजहंस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तळं येतं, कमळं येतात, चांदण्यातलं काहीबाही येतं. आमच्या डोळ्यांपुढे यायचा परसातला चिखल आणि पोटरीवरचा काळानिळा चिमटा. ज्याने हा पक्षी घरात पाळला आहे त्याला त्याच्यावर कविता सुचणं शक्य नाही, हे माझं ठाम मत आहे. भांडखोर, कर्कश, कुणीतरी आत्ताच आपला अपमान केलाय अशा थाटात मान ताठ करून चालणारा. पोस्टमन आमच्या कुंपणात कधी पाय ठेवायचा नाही, रस्त्यावरूनच हाका मारायचा, आणि त्याच्या हाकेआधी हंसांची हाक घरात पोचलेली असायची. तरीही राजोडीकडच्या आमच्या वाडीत हंस नसलेलं घर म्हणजे माझ्या आईच्या मते दार नसलेलं घर होतं. कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला की तो गप्प बसतो, हंस कुणाचं खाऊन गप्प बसत नाही, असं ती म्हणायची, आणि म्हणताना असा चेहरा करायची की हा गुण तिनेच त्यांना शिकवला असावा.

आईला आम्ही आय म्हणायचो. आमची घरातली बोली सगळीच निराळी. ती जशी बोलायचो तशी लिहिली तर वसईबाहेरच्या वाचकाला पहिल्याच पानावर घाम फुटेल, म्हणून जरा सोपी करून लिहिते आहे. घरात आम्ही माणसं थोडकी. पापा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा यायचे आणि आले की पाहुण्यासारखे वागायचे. आजा, म्हणजे पापांचे वडील, घराचे मालक. पण मालकी त्यांच्याकडे आणि कारभार आयकडे. धाकटा इनास काका केळीची आणि भाजीची वाडी बघायचा. सकाळी विहिरीवरचा रहाट कुरकुरायला लागला की माझे डोळे उघडायचे. मग चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीचा वास, मग देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा, मग आयचा आवाज. आयचा आवाज एकदा सुरू झाला की तो रात्रीच्या रोझरीपर्यंत थांबायचा नाही, आणि रोझरीतही आम्ही चुकलो की प्रार्थना मध्येच थांबवून ती आमची हजामत करायची.

या घरात रेजीन काकी आली. इनास काकाने तिला एका फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं की लग्न करीन तर हिच्याशीच. मुलगी चांगली, देवधर्माची, दिसायला उंचनिंच, पण पाचूबंदरची, मासेमारी करणाऱ्या घरातली. आमच्याकडे आभाळ कोसळलं. आता सांगायला हसू येतं. मासळी आम्हाला दोन्ही वेळच्या जेवणात लागायची, फक्त मासळीवाले सोयरे नको होते. शेवटी आजांनी तोड काढली: लग्न होऊ दे, पण वर्षाच्या आत इनासने परसातल्या चिंचेखाली झोपडं बांधून वेगळी चूल मांडावी. आयला ते पटलं, कारण ती कल्पना मुळात तिचीच होती. काकी लग्न होऊन आली ती दोन ट्रंका घेऊन. एकीत कपडे आणि दुसरीत सुके बोंबील, सोडे आणि जवळा. जवळा म्हणजे ती बारीक सुकट, उन्हात वाळवलेली, मूठभर टाकली तर घरभर वास सुटतो. आय म्हणाली, “दागिने कमी पडले वाटतं.” काकी मोठ्याने हसली. तिला वाटलं ही थट्टा आहे. काकीचं हे असंच होतं, टोमणा मारणाऱ्यालाच ओशाळं वाटायचं.

काकीचा आवाज मोठा. समुद्रावर वाऱ्यात बोलायची सवय असलेल्या माणसांचा असतो तसा. ती कुजबुजली तरी पलीकडच्या वाडीत कळायचं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, आणि आयला मी तसं कळू दिलं नाही. दुपारी विहिरीच्या पायरीवर बसून ती मला जाळं विणायची गाठ शिकवायची आणि माहेरच्या गोष्टी सांगायची. तिच्या घरी भाऊ, भावजया, चुलते, त्यांची पोरं, सगळी एकाच पडवीत जेवायला बसत. “वेगळी चूल मिळनार म्हनून बायका नवस करतात गो मोनी,” ती एकदा म्हणाली, “पन मना नको. दोघांचा भात शिजवायचा आनि भिंतीकडं बघत गिळायचा? मना घास उतरनार नाय.” मी विचारलं, मग काकाला सांगत का नाहीस? ती म्हणाली, “त्याला सांगून काय होतं? ठेवून घ्यायचं काम बायचं हाय.” बाय म्हणजे माझी आय, काकीची मोठी जाऊ.

त्या वर्षी आय गरोदर होती. माझ्यानंतर तिची दोन बाळं पोटातच गेली होती, म्हणून डॉक्टरांनी तिला पाऊस सरायच्या आधीच खाटेवर टाकलं. उठायचं नाही, वाकायचं नाही, ओरडायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी तिने पाळल्या. पडवीकडच्या खिडकीला खाट लावून घेतली आणि तिथून घर चालवायला लागली. झोपडं बांधायचं काम नाताळपर्यंत पुढे ढकललं गेलं, कारण स्वयंपाकाला आता काकीशिवाय कुणी नव्हतं. आणि अशातच एका सकाळी समुद्राकडून आलेल्या मोकाट कुत्र्यांनी अंड्यांवर बसलेली आमची हंसीण मारली. नर धावून गेला, त्याचीही मान फाटली, दोन दिवसांनी तोही गेला. आयने हे खिडकीतून पाहिलं आणि डॉक्टरांना विसरून अशी किंचाळली की रहाटाचा बैल थांबला. “अंडी! अगो अंडी बघा आधी!”

काकीने अंडी पदरात गोळा केली. सहा होती. अजून कोमट होती. एक कोंबडी नुकतीच खुडूक बसली होती, तिच्याखाली ती सरकवली. कोंबडीच्या मानाने ती अंडी केवढाली, बिचारी उंच पाटावर बसल्यासारखी दिसायची. तिला ती पायाने फिरवता येईनात, म्हणून सकाळ-संध्याकाळ काकी हाताने उलटवायची, आणि आयच्या सांगण्यावरून कोमट पाण्याचा हात त्यांच्यावर शिंपडायची. हंसीण पाण्यातून येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, तो ओलावा अंड्यांना लागतो, असं आय म्हणायची. दिवस भरत आले तसं काकी एकेक अंडं कानाला लावायची आणि मलाही लावून द्यायची. आतून टकटक आणि बारीक चिवचिव ऐकू आली तो क्षण मी अजून विसरलेले नाही. अंड्याला भोक पडल्यावर मला ते सोलायची घाई. खिडकीतून आय ओरडली, “हात लावशील तर बोटं मोडीन! त्याचं त्याला फोडू दे!” एक पिल्लू तर सकाळी सुरुवात करून संध्याकाळच्या घंटेला बाहेर आलं, आणि आलं तेही एक पाय ओढत.

माझ्या भाच्याने परवा मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, घरच्या घरी हंसाची निरोगी पिल्लं कशी वाढवावीत यावर. मी एव्हरशाईन सिटीत चौथ्या मजल्यावर राहते, इथे कबुतरांनी गॅलरी घाण केली की सोसायटीची मीटिंग बसते, मी पिल्लं कुठे वाढवणार? पण व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. त्यातली बाई जे सांगत होती ते सगळं आमच्या आयने खाटेवरून सांगितलं होतं, आणि व्हिडिओतल्या बाईपेक्षा जास्त तोंड चालवून. पिल्लांना कोब्यावर ठेवू नका, पाय फाकतात, खाली गोणपाट घाला. करंडीजवळ कंदील ठेवा; पिल्लं एकमेकांवर चढत असतील तर गारठलीत, लांब पांगून धापा टाकत असतील तर कंदील सरकवा. पाणी असं द्या की नाकपुड्या बुडतील पण पिल्लू बुडणार नाही, थाळीत गोटे घाला. कोंबडीखाली फुटलेलं पिल्लू आहे, त्याच्या अंगाला हंसिणीचं तेल लागलेलं नाही, पिसं येईपर्यंत त्याला डबक्यात सोडायचं नाही. तांदळाची कणी भिजवून द्या, कोंडा द्या, हरळी बारीक चिरून द्या. काकी हे सगळं ऐकायची, मान डोलवायची आणि तंतोतंत करायची. इतकं मन लावून कुणी कुणाचं ऐकताना मी आमच्या घरात तरी पाहिलं नव्हतं.

आणि पिल्लं तिच्या मागे लागली. कोंबडीला दोन दिवसांत त्यांनी सोडून दिलं. काकी विहिरीवर गेली की ती विहिरीवर, काकी चुलीशी बसली की ती उंबऱ्यावर रांगेने, पिवळी धम्मक, माना वर करून. ती जरा नजरेआड झाली की असा आक्रोश करायची की काकीला मोरीतूनसुद्धा ओरडून “हाय रे बाबांनो, हाय!” असं सांगावं लागायचं. आजा सकाळची बिडी ओढायला मुद्दाम तिथे येऊन बसायला लागले. पिल्लं दिसामासी वाढत होती. शेजारची कातरीन मावशी, जी दुसऱ्याच्या घरातलं मीठसुद्धा खारट आहे म्हणायची, ती म्हणाली, “एवढी मोठी पिल्लं ह्या वयाला मी बघितली नाय गो बाय.” आयने खिडकीतून हे ऐकलं, आणि त्या दिवशी तिने काकीला कालवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं नाही. काकीने ते माझ्याकडे बोलूनही दाखवलं. “ऐकलंस मोनी? आज काय बोलली नाय.”

पिल्लं एवढी का वाढत होती ते काकीलाच ठाऊक होतं. ती त्यांना जवळा घालत होती. चोरून नव्हे; तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या माहेरी ज्याच्यावर जीव असेल त्याच्या पुढ्यात मासळी जायची. कोंबडीला जवळा, बदकाला जवळा, मांजराला जवळा, बाळाच्या पेजेत जवळा. आयने दिलेली कणी आणि कोंडा ती घालतच होती, वर आपल्या ट्रंकेतला जवळा धुऊन, कुटून, मूठ मूठ कालवत होती, आणि पिल्लं त्याच्यावर तुटून पडत होती. गवत चिरून ठेवलेलं तसंच सुकायचं. आयने शंभर गोष्टी बजावल्या, पण हंसाला मासळी घालू नको हे बजावलं नाही. कशी बजावणार? गवत खाणाऱ्या जनावरापुढे कुणी सुकट ठेवील हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि बदक जे खातं ते हंसाला चालणार नाही, हे काकीच्या स्वप्नात आलं नसतं. दोघी आपापल्या जागी शहाण्या होत्या.

पाऊस पूर्ण थांबला, वाडीतली वाट कोरडी झाली, आणि पिल्लांची लव जाऊन पिसं यायला लागली. एका सकाळी मला एका पिल्लाचा पंख विचित्र दिसला. पंखाचं टोक अंगाला चिकटून बसायला हवं, ते बाहेर वळलेलं, सदऱ्याची बाही उलटी व्हावी तसं. मी काकीला दाखवलं. तिने पंख हाताने मिटवला, सोडला, तो परत बाहेर. दोन दिवसांत दुसऱ्याचा तसाच, मग तिसऱ्याचा. आठवडा संपायच्या आत पाच पिल्लांचे पंख कडेला लोंबायला लागले, आणि तेवढी देखणी पिल्लं अंगणातून चालताना बघवेना. काकीचा तो मोठा आवाज बसला. ती कामं करत होती, पण आम्हाला तिच्या हालचालीचाच तेवढा आवाज यायचा.

कातरीन मावशी आली, तिने हंसांकडे पाहिलं आणि कपाळावर क्रूस काढला. “नजर,” ती म्हणाली. “मी बोलले होते ना, एवढी वाढ बरी नाय? कोनाची तरी नजर लागली ह्या घराला.” फादरांच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांनी रविवारच्या प्रवचनात आम्हा सगळ्यांना धुतलं असतं, पण फादर तिथे नव्हते आणि कातरीन मावशी होती. ती बोलायची ते खिडकीला ऐकू जायचं. त्या दुपारी मी आयला पेज द्यायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, दोन्ही हात पोटावर. मी म्हटलं, आय, पेज. ती वळली तेव्हा तिचा चेहरा रडून सुजला होता. आयला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने माझा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, “मोने, खरं सांग. सगळ्यांचेच हात तसे झालेत काय?” ती पंख म्हणाली नाही, हात म्हणाली. मग मला कळलं की ती हंसांसाठी रडत नव्हती. नजर घरावर पडली असेल तर ती पोटातल्या बाळावरही पडली असणार, आधीची दोन गेली तशी, किंवा हे येईल ते हात वाकडे घेऊन, हे तिच्या मनाने घेतलं होतं. त्या दिवसापासून तिने जेवण टाकलं. आजा समजावून थकले. डॉक्टर येऊन गेले आणि बाहेर अंगणात काकाला म्हणाले, बाईंनी खाल्लं नाही तर मात्र मी काही सांगू शकत नाही.

काकी आयला भरवायला बसायची, आय तोंड फिरवायची. मग काकी बाहेर येऊन अंगणात हंसांपुढे बसायची आणि नुसती बघत राहायची. मला राग यायचा, हिला आता हंसांचं काय पडलंय? पण ती बघत होती म्हणजे खरोखर बघत होती. मासळीच्या ढिगातून नासकी मासळी उचलतात तशी ती एकेक पिल्लू हातात घ्यायची, पंख उलगडायची, सांधा चाचपायची. आणि मग तिने त्या लंगड्याला उचललं. लंगडा म्हणजे ते शेवटी फुटलेलं, पाय ओढणारं पिल्लू. बाकीच्यांनी त्याला जवळ्याच्या थाळीजवळ कधी येऊच दिलं नव्हतं, चोची मारून हाकलायची. ते बिचारं दिवसभर विहिरीच्या पाटाशी एकटं हरळी खुडत बसायचं. सगळ्यांत लहान, सगळ्यांत किडकिडं, काकीने तर त्याची आशाच सोडली होती. काकीने त्याचा पंख उघडला आणि सोडला. पंख गपकन मिटून अंगाला बसला. तिने परत उघडला, परत सोडला. मग दुसरा. दोन्ही पंख सरळ, एक पीस वाकडं नाही. “मोनी,” ती म्हणाली, “हा काय खातो गो?” मी म्हटलं, गवत, दुसरं काय, त्याला थाळीला कोण येऊ देतं? काकीने जवळ्याच्या थाळीकडे पाहिलं. मग ती पिल्लू काखेत मारून उठली.

आता मी जे सांगणार आहे त्याच्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं. काकी गप्प राहू शकली असती. नजर लागली म्हणून कुणी तिला बोल लावत नव्हतं. उलट तिने एवढी जिवापाड मेहनत केली म्हणून कातरीन मावशीसुद्धा हळहळत होती. गुपचूप जवळा बंद केला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. नाताळ तोंडावर, चिंचेखालच्या झोपडीचं बोलणं तेवढं बाकी, अशा वेळी आपण होऊन आपल्या हातची चूक सांगायची म्हणजे स्वतःच्या हाताने आपलं बिऱ्हाड बाहेर काढायचं. मी नोकरीत मोठमोठे साहेब पाहिले, चूक दिसली की ती कुठल्या टेबलावर सरकवायची हे त्यांना झोपेतही कळायचं. रेजीन काकी सरळ खोलीत गेली, आजा आणि काका खाटेशीच उभे होते, कातरीन मावशी माळ ओढत बसली होती, आणि तिने तो लंगडा आयच्या खाटेवर, स्वच्छ चादरीवर ठेवला.

“बाय, ह्याचे पंख बघ.”

आय बघेना. काकीने तिचा हात धरला आणि पिल्लाच्या पंखावर ठेवला. “सरळ हायत. दोन्ही. तुझ्या घराला कोनाची नजर लागली नाय. लागली असती तर ह्या लंगड्याला आधी लागली असती. मी बाकीच्यांना जवळा घातला. पहिल्या आठवड्यापासून घातला, रोज. ह्याला मिळाला नाय म्हनून हा वाचला. ती वाढली ती माझ्या जवळ्याने आनि वाकडी झाली तीपन माझ्या जवळ्याने. तुझ्या पोराचा ह्याच्याशी काय संबंध नाय. तू जेव.”

 कातरीन मावशीची माळ थांबली. आय उठून बसली, जे तिने करायचं नव्हतं. “हंसाला जवळा?” ती म्हणाली. “अगो हंसाला? जवळा?” आणि मग तिचं तोंड जे सुटलं ते थांबेना. हंस काय मांजर आहे काय, तुझ्या बापाच्या होडीवर हंस होते काय, गवत सोडून सुकट, माझी पाच पिल्लं, माझ्या हंसिणीची अंडी, अक्कल काय बंदरात बुडवून आलीस काय! काकी खाली मान घालून सगळं ऐकत उभी होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काका पुढे व्हायला लागला तर आजांनी त्याचा दंड धरला. आजांना माझ्या आधी कळलं होतं. इतक्या दिवसांनी आयला आवाज आला होता. ओरडून ओरडून ती दमली, लंगड्याने चादर घाण केली, तेव्हा तिने आणखी एक शिवी हासडली आणि म्हणाली, “आता उभी काय राह्यलीस? पेज आन. भूक लागली मला.”

जवळा त्या दिवशी बंद झाला. कोंडाही कमी केला, पिल्लांना दिवसभर गवतावर सोडलं. ती थाळीसाठी उपाशी ओरडत काकीच्या मागे फिरायची आणि काकी डोळे पुसत त्यांना पाटाकडे हाकलायची. पंखांचं काय, हे आयलाही माहीत नव्हतं, असं तिच्या हंसांना कधी झालंच नव्हतं. काकी म्हणाली, “हाड कोवळं हाय तवर वळतं. बाळाचे पाय आपन चोळून सरळ करतो ना?” तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि पंख अंगाला मिटवून बांधले. पहिल्यांदा सैल बांधले, पिल्लांनी तासाभरात सोडवले. मग आवळून बांधले तर एक पिल्लू तोल जाऊन आडवं झालं आणि उठेना, काकीने घाबरून सगळ्यांचं सोडलं. शेवटी तिने तिची जाळ्याची गाठ घातली. ती ओढली तर घसरत नाही आणि अंग फुगलं तर काचत नाही. चार-पाच दिवसांनी सोडायची, पंख मोकळा करून बघायची, पुन्हा बांधायची. गाठ मीही बांधली, आणि आय खिडकीतून मान बाहेर काढून सांगायची, तो डावा सैल आहे, त्या काळ्या चोचीवाल्याचा खाली घसरलाय. दोघी जावा दिवसभर खिडकीच्या आतून आणि बाहेरून एकमेकींशी वाद घालायच्या. मला तर त्या दिवसांचा आवाज तेवढाच आठवतो.

चौघांचे पंख बसले. पाचवा, सगळ्यांत मोठा, जवळ्याचा सगळ्यांत हावरा, त्याला मात्र उशीर झाला होता, त्याचे तसेच राहिले. मधल्या काळात माझा भाऊ जन्मला, दवाखान्यात, पूर्ण दिवसांचा. आयने म्हणे त्याचं तोंड बघायच्या आधी त्याची बोटं उलगडून पाहिली. नाताळला त्या पाचव्याला कापला. काकीनेच कापला, तिचं काळीज मऊ असलं तरी हात कोळणीचा होता, आणि वर्षभराचा बाटलीत भरून ठेवलेला मसाला घालून असा रांधला की मी रडत रडत दोनदा वाढून घेतला.

नाताळ झाला आणि आठवड्याभराने इनास काका बैलगाडी भरून घेऊन आला. बांबू, माडाची झापं, थोडी जुनी कौलं. बोलल्याप्रमाणे चिंचेखाली उतरवायला लागला. आजा बिडी ओढत बघत होते. दिलेला शब्द त्यांनी कधी मागे घेतला नव्हता, आणि हा तर त्यांनी सगळ्या नातेवाइकांसमोर दिलेला. काकी मसाला वाटत होती. तिने गाडीकडे एकदा पाहिलं आणि पाट्यावर जास्तच जोर लावायला लागली. तेवढ्यात आय बाहेर आली, डोक्याला फडकं बांधलेलं, बाळ खांद्यावर.

“हे कशाला आनलं?”

काका गोंधळला. “वैनी, झोपडं. ठरलं होतं ना.”

“कोनी ठरवलं?”

काकाने आजांकडे पाहिलं, आजांनी आभाळाकडे. शेवटी आजा म्हणाले, “सूनबाई, तूच.”

“मी आजारी होते,” आय म्हणाली. तेव्हा ती आजारी नव्हती, गरोदरही नव्हती, चांगली ठणठणीत होती, पण कुणाची हिंमत झाली नाही. “हंस एवढे झालेत, कोंबड्यांच्या खुराड्यात मावतात काय? ते पंख परत वाकडे व्हायचे दाटीने. झापं इकडं आना, विहिरीपाशी. हंसांना घर बांधा. आनि इनास, उंच बांध, हिला आत वाकून जावं लागनार नाय असं. ही काय माझ्यासारखी बुटकी नाय.”

वरवंटा थांबला. काकीने मसाल्याचे हात तसेच डोळ्यांना लावले आणि मग तिखटाने की कशाने, ती जी रडायला लागली ती पाचूबंदरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. तिचं रडणं ऐकून पाचही हंस माना ताणून ओरडत तिच्याकडे धावले, बैल बिथरला, काका शिंगं धरायला पळाला आणि खांद्यावरचं बाळ दचकून किंचाळायला लागलं.

“झालं!” आय म्हणाली. “आत्ता कुठं झोपला होता.” ती तरातरा काकीपाशी गेली, पदराने तिचे डोळे आणि मग एकेक करून तिचे दोन्ही हात खसाखसा पुसले, आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. “रडवलंस ना? आता तूच झोपव.”